कित्तूरचा पाऊस, बैलहोंगलची आत्या

श्रावणातल्या एका रविवारी भरपावसात आम्ही बेळगावहून निघालो. महामार्गाने कित्तूर सुमारे 50 किलोमीटर. किल्ल्यात शिरलो तर वाऱ्यापुढे छत्री टिकेना.

राणी चन्नम्मांच्या वाड्याच्या आता पडक्या भिंती आणि जोतीच उरलीत. 23 ऑक्टोबर 1824 रोजी कित्तूरच्या लढाईत इंग्रजांचा कलेक्टर थॅकरे पडला. डिसेंबरात मात्र किल्ला गेला. राणींना बैलहोंगलला कैदेत ठेवलं. 1829 साली तिथंच त्यांचा अंत झाला. वाड्याच्या भिंतीत ध्रुवतारा पाहायचा झरोका आहे. लेकीनं डोळा लावला. "बाबा, नुसता ढग!"

तिथून बैलहोंगल. राणींच्या समाधीला नमस्कार करून वडिलांच्या चुलत बहिणीकडे गेलो. वडील गेल्यापासून बारा वर्षांत तिकडे फिरकलोच नव्हतो. त्या घरात आता सगळं कन्नडच. "यारऽ?" आतून आवाज आला. आत्याला हल्ली दिसत नाही. मी मराठीतच नाव सांगितलं. ती क्षणभर गप्प राहिली, मग मराठीत म्हणाली, "आवाज अण्णाचाच की रे! एवढा उशीर केलास?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कडक भाकरी, शेंगाचटणी पुढ्यात आली. लेक आणि आत्याची नात तोवर कन्नडात खेळायलाही लागल्या होत्या.

निघताना मी म्हटलं, "येतो." लेक म्हणाली, "बर्तेनि." आपल्या दोन्ही भाषांत निघणारा माणूस 'जातो' म्हणत नाही. यंदा दिवाळीला तो शब्द खरा करायचाय.