लवचिक पाइप, भिंत आणि ‘पॉइंट’चा दर

शहरी सदनिकांतील प्लंबिंगची मजुरी ठरवण्याचे एकक वर्षानुवर्षे ‘पॉइंट’ हेच राहिले आहे. बेसिनच्या गार पाण्याचा एक, गरम पाण्याचा एक, फ्लशच्या टाकीचा एक, अशा पाण्याच्या प्रत्येक तोंडाला ठरावीक मजुरी लावायची आणि माल वेगळा धरायचा, ही रीत जीआयच्या लोखंडी पाइपांच्या काळात रुजली व सीपीव्हीसीचे प्लास्टिक पाइप आल्यावरही टिकली. कडक पाइपात प्रत्येक वळणाला एल्बो आणि प्रत्येक फाट्याला टी लागते, कारागिराचा वेळ सांध्यांत जातो आणि सांधे पॉइंटांबरोबर वाढतात, म्हणून ती टिकली. पेक्स, म्हणजे रेणूंच्या साखळ्या एकमेकींना आडव्या बंधांनी जोडलेल्या पॉलिइथिलीनचा लवचिक पाइप, घरात आला आणि सांध्यांवर उभा असलेला हा हिशेब ढिला झाला.

या पद्धतीत मॅनिफोल्ड बसवतात, म्हणजे एकाच नळीला ओळीने अनेक तोंडे असतात आणि तिथून प्रत्येक नळापर्यंत एक अखंड पाइप जातो, त्यामुळे भिंतीच्या आत सांधा राहत नाही. हा लाभ मोठा आहे, पण लांबी वाढते. दोन बाथरूम आणि स्वयंपाकघर मिळून २० पॉइंट धरले आणि प्रत्येकी सरासरी ७ मीटर पाइप लागला, तर १४० मीटर होतात, आणि १०० मीटरचे एक वेटोळे पुरत नाही. ही सरासरी काढणे हेच अवघड आहे. नकाशावर पट्टी लावून मिळणारे अंतर सरळ रेषेचे असते, तर पाइप चौकटीला वळसा घालून, तुळई टाळून, कोपऱ्यात गोल वळून जातो. १६ मिलिमीटरच्या पाइपाला बाहेरील व्यासाच्या सहा ते आठपट त्रिज्येचे, म्हणजे सुमारे १० ते १३ सेंटिमीटरचे वळण द्यावे लागते. त्याहून घट्ट वाकवला तर तो मुडपतो. पेरॉक्साइड पद्धतीने बनवलेला पेक्स-ए असेल तर हीट गनच्या उष्णतेने मुडपलेली जागा पूर्ववत होते, पेक्स-बी असेल तर तेवढा तुकडा कापून कपलर घालावा लागतो आणि भिंतीत नको असलेला सांधा येऊन बसतो.

तरीही अंदाज कोसळतो तो बहुधा पाइपावर नव्हे, भिंतीवर. अमेरिकेतील घरांच्या भिंती बहुतांशी लाकडी सांगाड्याच्या आणि आतून पोकळ असतात, पाइप त्यांतून ओवत नेता येतो आणि लवचिकपणाचा सगळा फायदा मजुरीत उतरतो. पुण्या-मुंबईच्या विटांच्या भिंतीत झिरी, म्हणजे पाइप बसवण्याची खाच, कापल्याशिवाय गत्यंतर नसते, आणि आरसीसीच्या कॉलमला तर हातही लावायचा नसतो. शिवाय मॅनिफोल्डमुळे झिरीत एकाऐवजी चार-पाच पाइप शेजारी-शेजारी येतात. ४० अंशांनी तापल्यावर १० मीटर पेक्स सहा-सात सेंटिमीटर वाढतो, म्हणून त्याला हालचालीस मोकळीक देणारी बाहेरची नळी घालणे इष्ट असते आणि त्यामुळे झिरी आणखी रुंद होते. सांध्यांत वाचलेले तास भिंत कापण्यात, राडारोडा गोण्यांत भरून जिन्याने खाली नेण्यात आणि पुन्हा गिलावा करण्यात जातात. सोसायटीने आवाजाच्या कामाला दुपारी बंदी घातली असेल तर एका दिवसाचे दोन होतात. हा खर्च पॉइंटच्या दरात कुठेच दिसत नाही.

दुसरी गोष्ट दाबाची. वरच्या मजल्यावर टाकीतले पाणी शॉवरपेक्षा जेमतेम ३ मीटर उंच असेल, तर दाब सुमारे ०.३ बार मिळतो. १६ मिलिमीटर पाइपाची भिंत २ मिलिमीटर जाड असली तर आतला व्यास १२ मिलिमीटर उरतो, आणि पाइपाच्या आत शिरणारे फिटिंग तो आणखी अरुंद करते. तिथे २० मिलिमीटरचा पाइप घ्यावा किंवा प्रेशर पंप धरावा लागतो. खालच्या मजल्याचा दर वरच्या मजल्याला लावणारा ठेकेदार स्वस्त वाटतो तो याच कारणाने, आणि घरमालकाला ते पहिल्या अंघोळीला कळते.

जुन्या कारागिराचा एक अभिमान असतो, बाथरूमच्या उंबऱ्यात उभे राहून, टेप न काढता आकडा सांगण्याचा. तो अभिमान पोकळ नाही, कारण सांधे नजरेने मोजता येत होते. आता हाताखालचा शिकाऊ मुलगा मॅनिफोल्डच्या जागेपासून नळापर्यंत सुतळी भिंतीला चिकटवत नेतो, कोपऱ्यात ती गोल सोडतो, मग जमिनीवर ताणून मोजतो, आणि त्याचा आकडा उस्तादाच्या आकड्याहून खरा निघतो. गिऱ्हाइकासमोर सुतळी हातात घेणे उस्तादाला कमीपणाचे वाटते; त्यात व्यवहारापेक्षा मानाचा भाग अधिक असतो. मोबाइलवर फोटो मागवून ठोक रक्कम कळवणारे लोक मात्र ना नजर वापरतात ना सुतळी. त्यांची तूट पुढे ‘जादा काम’ या नावाने वसूल होते, आणि या धंद्याची पत सर्वांत जास्त त्यांनीच घालवली आहे.

दरपत्रक हाती आल्यावर घरमालकाने पॉइंटचा दर वाचण्याआधी झिरीचे मीटर, गिलाव्याचा खर्च आणि पाइपाचा आतला व्यास त्यात लिहिला आहे का ते पाहावे, आणि भिंत उघडी असताना टेस्टिंग पंपाने कामाच्या दाबाच्या दीडपट दाब देऊन चाचणी झाल्याशिवाय गिलावा करू देऊ नये.