शहराची पिशवी, आपलं वावर



परवा कांदा निघालेल्या वावरात रोटा मारत होतो. मधेच आवाज बदलला, म्हणून खाली उतरून बघितलं. पात्यांना पिशव्या गुंडाळलेल्या. एका पिशवीवर मिठाईच्या दुकानाची अक्षरं अजून वाचता येत होती. आमच्या वस्तीवर मिठाईचं दुकान नाही. ही पिशवी शहरातून आली, आणि ट्रॉलीचं भाडं भरून मीच ती आणली.

झालं असं, की माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के निघाला. दावणीला दोनच जनावरं, विकतचं शेणखत परवडेना. म्हणून दोन वर्षांपूर्वी शहराच्या खत डेपोवरून चार ट्रॉल्या कंपोस्ट आणलं. खरं सांगतो, खत वाईट नव्हतं. जमीन भुसभुशीत झाली, कांदाही बरा पोसला. पण खतासोबत चिंध्या आल्या, त्या काही कुजायच्या नाहीत.

पिशवीबंदी म्हटलं की आपल्याला वाटतं, शहराचा विषय. सुरुवात तिथूनच झाली. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला, गटारं तुंबली, पिशव्यांचं नाव पुढं आलं. मग ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्या बंद झाल्या. पुढं २३ मार्च २०१८ ची राज्याची अधिसूचना आली, जाडी कितीही असो, कॅरीबॅग बंद. २३ जूनपासून कारवाई सुरू. पहिल्यांदा सापडला तर ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि तीन महिने कैद.

तेव्हा मी शहरात बसून भाजी विकायचो. शेजारच्या मावशीला पथकानं पकडलं. तिचा दिवसाचा गल्ला हजारभर, दंड पाच हजार. मावशी पावती हातात धरून नुसती बसून राहिली. पिशवी जिथं बनते तिथं पथक गेलं का, ते आम्हाला काही दिसलं नाही. आणि मी? माझ्या पिशव्या क्रेटखाली लपवल्या होत्या. गिऱ्हाईक रिकाम्या हातानं यायचं, पिशवी नाही म्हटलं की पुढच्या ठेल्यावर जायचं. दोन दिवसांनी मी परत पिशव्या द्यायला लागलो. त्यातलीच एखादी आज माझ्या वावरात आली नसेल, असं कशावरून म्हणू?

पातळ पिशवीच सगळ्यात नडते. वजन नाही, म्हणून कचरा वेचणारे उचलत नाहीत. लोक तिच्यातच उष्टं-खरकटं बांधून टाकतात. डेपोवर ती फाटते, तुकडे चाळणीतून खाली पडतात. ओला-सुका कचरा घरातच वेगळा करायचा, हा नियम २०१६ मध्ये आला. तो आणि ही बंदी खरोखर पाळली गेली, तर सगळ्यात जास्त फायदा आपल्या मातीचा आहे.

हे सगळं मी तावातावानं घरी सांगत होतो. मुलगी वेचलेल्या चिंध्यांची पाटी चाळत होती. तिनं एक तुकडा उचलला, एका बाजूनं काळा, एका बाजूनं चंदेरी. "पप्पा, हा कुठल्या शहराचा?"

मी गप्पच झालो. तो माझ्या टोमॅटोचा मल्चिंग पेपर होता. २५ मायक्रॉनचा. शहरातल्या पिशवीला आता देशभर किमान १२० मायक्रॉनची अट आहे, आणि मी २५ चा कागद बेडवर अंथरतो, उन्हानं चिरला की उरलेला रोट्याखाली घालतो. मला अडवायला कुठलं पथक येत नाही.

म्हणून यंदा घरात ठरलं ते असं:

१. कंपोस्ट आणायच्या आधी डेपोवर एक बादली चाळून बघायची. शहरी कंपोस्टचा ९० टक्के माल ४ मिमीच्या चाळणीतून पडायला हवा, असं खत नियंत्रण आदेश सांगतो. चाळणीवर काय उरतं ते डोळ्यानं बघा, आणि खाली पडलेल्या खतातही हात घालून चिंध्या बघा. मग ट्रॉली भरा.

२. मल्चिंग पेपर रोट्याच्या आधी काढायचा. वाफसा असताना, कडेची माती मोकळी करून ओढला की कमी फाटतो. बांधावर जाळायचा नाही.

३. अर्ध्या एकरात पेपरऐवजी गव्हाचं काड. तण थोडं जास्त येईल, खुरपणीचा खर्च लिहून ठेवणार आहे. हंगाम संपला की आकडे इथंच टाकतो.

वेचलेल्या चिंध्यांची गोणी गोठ्याच्या कोपऱ्यात उभी आहे. भंगारवाला म्हणतो, "मातीचा माल चालत नाही." तुमच्या भागात मळका मल्चिंग पेपर घेणारं कुणी असेल तर कळवा. गोणी माझी एकट्याची नसणार.