मुका साक्षीदार

न्यायालयात वीस वर्षे घालविलेल्या मनुष्यास आकाशातही खटलाच दिसावा, यात नवल नाही. नेपच्यूनसंबंधीचा एक वृत्तांत वाचताना माझे तसेच झाले.

महाकाय ग्रहांच्या वातावरणाच्या वरच्या थरांत मुख्यतः हायड्रोजन असतो. सूर्याचे अतिनील किरण त्याच्या रेणूतील एक इलेक्ट्रॉन उडवितात. तो जखमी रेणू शेजारच्या रेणूस भिडतो आणि तीन अणूंचा विद्युद्भारित आयन जन्मास येतो. हा आयन अवरक्त प्रकाशात ठरावीक रेषांनी झळकतो. त्याच सुमाराचा सूर्यप्रकाश खालचा मिथेन गिळून टाकतो, म्हणून काळ्या पडद्यापुढे दिवा धरावा तशा त्या रेषा उठून दिसतात. त्यांच्या परस्पर तेजावरून तेथील तापमानही काढता येते. ताकेशी ओका यांनी 1980 साली हा वर्णपट प्रयोगशाळेत प्रथम टिपला. पुढे गुरू, शनी, युरेनस या तिघांनीही तीच साक्ष दिली.

नेपच्यून तेवढा मुका. व्हॉयेजर 2 हे यान 1989 साली त्याच्याजवळून गेले, तेव्हा वरचे वातावरण चांगले तप्त आढळले होते. त्या हिशेबाने रेषा दिसावयास हव्या होत्या. तीन दशके पृथ्वीवरून शोध झाला. हाती काही लागले नाही. अखेर 2023 साली जेम्स वेब दुर्बिणीने निरीक्षण केले आणि 2025 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : आयन आहे, परंतु तापमान 1989 च्या निम्म्याहून थोडेच अधिक उरले आहे. त्या थंडाव्याने त्याचे तेजच मंदावले होते. जुनी जबानी खोटी नव्हती, ती फक्त जुनी होती.

येथे मी पुस्तक मिटले. पूर्वी बांधाच्या भांडणातील एका मारहाणीच्या खटल्यात मी आरोपीचा वकील होतो. फिर्यादी म्हणे, आपण जिवाच्या आकांताने ओरडलो. शेजारच्या तिघांनी शपथेवर सांगितले, काही ऐकू आले नाही. त्या ‘नाही’वर मी सारा युक्तिवाद उभारला : हाक ऐकू आली नाही, अर्थात हाक मारलीच गेली नाही. पक्षकार सुटला.

ती रात्र मृगाची होती. कौलांवर पाऊस असा कोसळत होता की घरातल्या घरात बोललेले समजू नये. हे मला ठाऊक होते; न्यायालयात कोणी विचारले नाही. आपण होऊन सांगणे हे वकिलाचे काम नव्हे, असे मी घरी आल्यावर म्हणालो. पत्नी काही बोलली नाही. तिने ताट वाढले.