परभणी ते हिंजवडी: एका पगाराचा हिशोब

फेब्रुवारी महिना. हजरत तुराबुल हक यांच्या उरुसामुळे परभणीत गर्दी होती, आमचं घरही पाहुण्यांनी भरलेलं. त्यातच मुलीच्या मोबाइलवर पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं नेमणुकीचं पत्र आलं. वर्षाला तीन लाख साठ हजार! तिच्या फुफीने लगेच बाराने भागलं, "महिन्याला तीस हजार, माशाअल्लाह!" आम्हीही मनातल्या मनात त्यातून धाकट्याची कॉलेजची फी भरून टाकली.

उत्तर द्यायला दहा दिवस होते. म्हटलं, आधी जागा तर पाहू. आम्ही दोघं नवरा-बायको आणि मुलगी, संध्याकाळच्या नांदेड-पनवेल गाडीत बसलो. गंगाखेड मागे पडलं तेव्हा मुलीने पत्र पुन्हा वाचून दाखवलं. तेव्हा कळलं, तीस हजार हा हाती येणारा पगारच नाही. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ 1,800, ग्रॅच्युइटी, विमा आणि वर्षाअखेरचा बोनस धरलेला. ते पाच हजार वजा जाता उरले 25,000. तिच्या वाट्याचा पीएफ आणखी 1,800. महाराष्ट्रात महिलांना 25,000 पगारापर्यंत व्यवसाय कर नाही, तेवढे वाचले. हाती 23,200.

पहाटे पुण्यात उतरलो. हिंजवडीतल्या काचेच्या इमारती पाहून मुलीचे डोळे चमकले. आमचे डोळे मात्र भाड्याच्या पाट्या शोधत होते. एका ठिकाणी खोली रिकामी होती. नाव सांगितल्यावर ती "आत्ताच गेली". दुसरीकडेही तसंच. मुलगी काही बोलली नाही, तिच्या अम्मीने फक्त तिचा हात धरला. कोंढव्यात आपली माणसं आहेत, जेवणाची, मशिदीची सोय आहे, खोलीही स्वस्त. पण तिथून हिंजवडी म्हणजे शहराचं दुसरं टोक. रोजचे चार तास रस्त्यावर जातील. अखेर वाकडला एका बाईंनी नाव विचारलं, मग फक्त एवढंच म्हणाल्या, "रात्री दहाच्या आत यायचं." तिघींच्या खोलीत एक खाट, दोन वेळचं जेवण, 9,500 रुपये.

परतीच्या गाडीत कागद काढला. खाट-जेवण 9,500, बस-रिक्षा 2,000, फोन, दुपारचा नाश्ता आणि किरकोळ 3,000, घरी येण्या-जाण्याला 1,500. शिल्लक 7,200. इकडे परभणीतल्या एका शाळेत संगणक शिकवायला 10,000 मिळत होते. घरी राहून, रिक्षा आणि फोनचा खर्च जाऊन 7,500 उरले असते. म्हणजे परभणीच तीनशे रुपयांनी पुढे!

मुलगी म्हणाली, "अब्बा, आज सारखंच आहे. पण दोन वर्षांनी?"

प्रश्न तोच होता. शाळेत दोन वर्षांनीही ती तेच शिकवणार होती. इथे मोठ्या कामाचा अनुभव मिळाला, तर पुढची नोकरी तिला स्वतःच्या अटीवर मागता येईल. पण तो मिळणार का, हे पत्रात नव्हतं. म्हणून तिने कंपनीला ईमेलने चार गोष्टी विचारल्या: प्रशिक्षणानंतर काम कोणतं? रुजू होण्याची नक्की तारीख कोणती? मुदतीआधी सोडल्यास बाँडचे किती भरायचे? रात्रपाळी असेल तर ने-आण कोण करणार? मूळ प्रमाणपत्रं मात्र कुणाकडेही ठेवायची नाहीत, हे आम्ही आधीच ठरवलं. तारखेचा आग्रह यासाठी की 2022 मध्ये निवड झालेल्या काही मुलांना रुजू व्हायला दोन-दोन वर्षं थांबावं लागलं होतं.

चारही उत्तरं लेखी आली. तिने होकार कळवला.

आणि आम्ही आमचा हिशोब दुरुस्त केला. धाकट्याची फी आम्हीच भरू. पहिलं वर्षभर तिच्याकडून एक रुपया मागायचा नाही. उलट रुजू होताना अनामत आणि पहिल्या महिन्याचा खर्च म्हणून पंचवीस हजार सोबत द्यायचे. पगाराच्या आकड्यावर घरच्यांनी आधीच हक्क सांगितला, तर लेकरू दूर शहरात उपाशी राहील, पण सांगणार नाही. पत्र आलं की आधी बाराने भागू नका. आधी गाडीत बसा.