दुसरं ‘नाही’

इंग्रजीतल्या ‘सर्व्हाइल’ या विशेषणाला गुलामीचा वास आहे. लॅटिनमध्ये गुलामाला ‘सर्वुस’ म्हणत, त्यातून ते आलं. हुकूम यायच्या आधीच मान तुकवून उभ्या असलेल्या माणसाला ते लावतात. लावतात मात्र नेहमी दुसऱ्याला. स्वतःपुरते आपण शिस्तीचे असतो, निष्ठावंत असतो, घरदार सांभाळून नोकरी करणारे असतो. आपला ‘होयबा’ही तसाच, कायम पलीकडच्या टेबलावर बसलेला.

हा समज किती पोकळ आहे ते स्टॅन्ली मिलग्रम या मानसशास्त्रज्ञानं अमेरिकेतल्या येल विद्यापीठात दाखवून दिलं. साल 1961, ‘मी फक्त हुकूम पाळले’ म्हणणाऱ्या नाझी अधिकारी आइकमनवर जेरुसलेममध्ये खटला चालला तेच वर्ष. स्मरणशक्तीचा अभ्यास आहे असं सांगून त्यानं टपाल कारकून, शिक्षक, विक्रेते, मजूर अशी साधी माणसं बोलावली. पलीकडच्या खोलीतल्या माणसाचं उत्तर चुकलं की त्याला विजेचा झटका द्यायचा, दर चुकीला 15 व्होल्ट वाढवत थेट 450पर्यंत. झटके खोटे होते, पण बटण दाबणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. 300 व्होल्टला पलीकडचा माणूस भिंत बडवी. थोड्याच वेळात तिकडून काहीच ऐकू येईनासं होई. तरी 40पैकी 26 जण शेवटच्या बटणापर्यंत गेले.

या सव्वीस जणांत मला लाळघोटे दिसत नाहीत, आणि त्यानंच मी अस्वस्थ होतो. त्यांच्यातल्या कित्येकांना घाम फुटला, हात कापू लागले, कुणी ओठ चावले, कुणी थांबू या म्हणालं. करड्या कोटातल्या प्रयोगकर्त्यानं शांतपणे ‘पुढे चालू ठेवा’ म्हटलं आणि त्यांनी पुढचं बटण दाबलं. कुणी धमकावलं नव्हतं. मिळणारे साडेचार डॉलरही नुसतं येण्याबद्दलचे होते. मनातून त्यांचा विरोधच होता, यात मला शंका नाही. पण पलीकडच्या खोलीतल्या माणसाला त्यांच्या घामाचा काय उपयोग? माणसांना फसवून अशा ताणात ढकलणं गैर होतं, ही मिलग्रमवरची टीका मला मान्य आहे. तरीही जे दिसलं ते दिसलंच.

त्याच्याच दुसऱ्या एका प्रयोगाबद्दल मात्र फार कमी बोललं जातं. त्यात शेजारी आणखी दोघे बसवले होते, आतून प्रयोगाला सामील असलेले. ठरल्याप्रमाणे एक मध्येच थांबला, काही वेळानं दुसराही. भाषण नाही, भांडण नाही. त्यांनी फक्त पुढे जायला नकार दिला. त्या वेळी शेवटच्या बटणापर्यंत गेले 40पैकी अवघे चौघे.

म्हणून बैठकीत कुणी एकटा ‘नाही’ म्हणाला, तर मनातल्या मनात त्याचं कौतुक करून घरी जाऊ नका. तिथेच, सगळ्यांदेखत, दुसरं ‘नाही’ तुम्ही म्हणा.