श्वासाचें गणित

विद्यार्थिमित्रहो, "या गणिताचा उपयोग काय?" असा प्रश्न आम्हांस दरवर्षीं कोणी ना कोणी विचारतोच. तुम्हां प्रत्येकाच्या छातींत रात्रंदिवस जें यंत्र चालू आहे, त्याच्या आधारें आज त्याचें उत्तर देतों.

आपलें फुप्फुस हें उलट्या धरलेल्या वृक्षासारखें आहे. श्वासनलिकेस दोन फांद्या, त्या प्रत्येकीस पुन्हां दोन, अशा २३ वेळां फांद्या फुटतात, अशी मांडणी एवाल्ड वायबेल या स्विस शास्त्रज्ञानें १९६३ सालीं केली. एवढा पसारा संगणकासही जड! म्हणून शास्त्रज्ञ पुष्कळदां एक नळी व तिच्या टोकास एक फुगा, एवढेंच चित्र धरून संगणकावर हिशेब करतात. नळी हवेस किती अडविते व फुगा किती दाबानें किती फुगतो, हे दोन आंकडे कळले म्हणजे श्वास कसा आंत जाईल व कसा बाहेर पडेल हें सांगतां येतें. रोगानें नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर संथ प्रवाहास होणारा अडथळा दुप्पट नव्हे, सोळापट होतो. दम्याच्या रोग्याची तगमग कशामुळें, हें यावरून ध्यानांत येईल.

२०२१ सालीं कोविडच्या साथींत आमचे वडील बंधु नवी मुंबईंतील एका रुग्णालयांत श्वासयंत्रावर होते. वहिनींनीं विचारिलें, "डॉक्टरसाहेब, यांचा जीव हवेसाठीं एवढा तळमळत होता, मग यंत्रानें हवा इतकी थोडी कां देतां?"

डॉक्टर म्हणाले, "ताई, फुप्फुसाचा बराच भाग पाण्यानें भरून बंद पडला आहे. जेवढा उघडा आहे, तो लहान मुलाच्या फुप्फुसाएवढा. त्यांत मोठ्या माणसाचा श्वास कसा कोंबावा?"

घरीं येऊन आम्हीं हिशेब मांडिला. निरोगी माणूस एका साध्या श्वासांत सुमारें ५०० मिलिलिटर हवा घेतो. फुप्फुसाचा एक तृतीयांश भागच उघडा असेल, तर तीच हवा त्या भागास तिप्पट ताणील व उरलेलें चांगलें फुप्फुसही दुखावेल. इटलीचे डॉक्टर लुचानो गात्तिनोनी यांनीं सी. टी. स्कॅनच्या साहाय्यानें हेंच दाखविलें. पुढें २००० सालीं अमेरिकेंतील ८६१ रोग्यांवरील प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. उंचीवरून काढलेल्या वजनाच्या दर किलोस १२ ऐवजीं ६ मिलिलिटर हवा दिली, तेव्हां मृत्यूचें प्रमाण शेंकडा ३९.८ वरून ३१ वर आलें.

बंधु ईश्वरकृपेनें घरीं परतले. शेजारच्या खाटेवरील तरुण परतला नाहीं. त्यासही हवा त्याच हिशेबानें मिळत होती. हिशेब बरोबर असला म्हणजे रोगी वांचतोच असें नाहीं. पण हिशेब चुकला तर वांचणाराही हातचा जातो. संगणकांतील फुप्फुसास वेदना नसते. म्हणून जी चूक व्हावयाची ती आधीं तेथें व्हावी, माणसाच्या छातींत नव्हे.

आतां वही उघडा. फुप्फुसाचा एक चतुर्थांश भागच उघडा असेल, तर ५०० मिलिलिटरचा श्वास त्यास किती पट ताणील? उत्तर काढा, आणि मग तें घरीं वडील माणसांस समजावून सांगा.