हातिमच्या गावाहून

हाइल, सौदी अरेबिया,
शुक्रवार, १३ सप्टेंबर २०२४

प्रिय धाकट्या,

परवा नाइट ड्युटी संपवून खोलीवर आले आणि तुझा निरोप ऐकला. २९ तारखेच्या रविवारी मिस्सा झाल्यावर तुला स्थलांतरितांविषयी दहा मिनिटं बोलायचं आहे. ‘ताई, तू तिकडं आहेस, चार मुद्दे पाठव,’ असं तू म्हणतोस. हे फोनवर सांगण्यासारखं नाही. आज माझी सुट्टी आहे, म्हणून लिहायलाच बसले.

आधी या गावाविषयी सांगते. लहानपणी आपण हातिमताईच्या गोष्टी ऐकायचो, आठवतं? तो हातिम इथलाच. सहाव्या शतकातला, तय्य टोळीचा. अजा आणि सलमा या दोन डोंगरांचा हा मुलूख त्यांचा. गावालगत समरा नावाची टेकडी आहे, तिच्यावर हातिमच्या नावाची चूल आहे. वाळवंटात वाट चुकलेल्याला रात्री लांबून दिसावं म्हणून तो उंचावर जाळ पेटवून ठेवायचा, असं इथली माणसं सांगतात. पुढे त्याची मुलगी लढाईत कैद झाली, तेव्हा बापाचं औदार्य आठवून पैगंबरांनी तिला मानानं सोडून दिलं. ही गोष्ट मला वॉर्डातल्या एका आजींनी माझा हात हातात धरून सांगितली. ते औदार्य इथं अजून आहे. रमजानात रुग्णांचे नातेवाईक आम्हा नर्सेससाठी खजूर आणि कहव्याचा थर्मास आणल्याशिवाय येत नाहीत. सात वर्षांत मला कुणी घरी बोलावून उपाशी पाठवलेलं नाही.

आता मागच्या महिन्यातली गोष्ट. उन्हाच्या तडाख्यानं बेशुद्ध पडलेल्या एका मेंढपाळाला आमच्याकडे आणलं. सलाइन लावताना मी सवयीनं मराठीत पुटपुटले, ‘शीर सापडू दे रे देवा.’ त्यानं डोळे उघडले. देगलूरकडचा निघाला. त्यानंतर कितीतरी वेळ तो नुसता रडत होता. ड्रायव्हरचं काम आहे म्हणून एजंटनं त्याच्याकडून दीड लाख घेतले होते, आणि इथं आल्यावर हातात काठी देऊन शेळ्यामेंढ्यांमागं पाठवलं. इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, संपलेला, दोन वर्षांत घरी जाणं नाही. त्याचा मालक, म्हणजे कफील, त्याला स्वतःच्या गाडीतून घेऊन आला होता. रात्रभर बाहेर बाकावर बसून होता. बिलही त्यानंच भरलं. मी चिडून मालकाविषयी काही बोलले, तर हाच म्हणाला, ‘मानूस चांगला हाय ताई. पन माझा पासपोर्ट त्याच्या कपाटात हाय.’

भाऊ, तुला माझ्याकडून एकच मुद्दा हवा असेल तर तो हा. चांगला माणूस भेटणं हे नशीब आहे, आणि नशिबावर कुणाचं आयुष्य टांगून ठेवू नये. हातिमनं जाळ पेटवला तर वाटसरू वाचला. ज्या रात्री तो पेटवायचा राहिला, त्या रात्री वाटसरूनं काय करायचं? कायदा हवा तो त्या रात्रीसाठी.

कायदा बदलला की काय होतं, हे मी स्वतः अनुभवलं आहे. १४ मार्च २०२१ पासून इथं खासगी कंपन्यांतल्या कामगाराला एक वर्ष काम केल्यावर मालकाच्या संमतीशिवाय नोकरी बदलता येते, आणि घरी जायचा व्हिसा ‘अबशर’ ॲपवर स्वतः काढता येतो. मागच्या नाताळला मी आले तो व्हिसा मी याच खोलीत बसून फोनवर काढला होता. त्याआधी सुट्टीचा कागद घेऊन मालकाच्या दाराशी उभं राहावं लागे. पण या सुधारणेतून घरकामगार, घरगुती ड्रायव्हर, माळी, शेतमजूर आणि मेंढपाळ वगळले गेले. पासपोर्ट काढून घेणं इथल्या नियमांतही बसत नाही. पण नियम रानापर्यंत पोहोचत नाही, आणि रियाधची आपली वकिलात इथून सहाशे किलोमीटरहून लांब आहे.

तू विचारशील, यात चर्चनं काय करायचं? प्रार्थना करायची, दान द्यायचं, आणखी काय? त्याच्या पुढं जाऊन चर्चनं पुष्कळ केलं आहे, तेच लोकांना सांग. २९ तारखेला चर्चचा जो स्थलांतरितांचा दिवस आहे, तो १९१४ पासून पाळला जातो; यंदाचा एकशे दहावा. १९५२ साली पोप बारावे पायस यांनी या विषयावर मोठं पत्रक काढलं, त्याची सुरुवातच इजिप्तला पळून गेलेल्या पवित्र कुटुंबापासून आहे. हेरोदाच्या भीतीनं रातोरात सीमा ओलांडणाऱ्या मरिया आणि योसेफाला कुणी कागद विचारले असते तर काय झालं असतं, हे आपण गव्हाणी सजवताना कधी मनात आणत नाही. पोप फ्रान्सिस यांनी चार गोष्टी मागितल्या आहेत: स्थलांतरितांचं स्वागत करा, त्यांना संरक्षण द्या, त्यांची उन्नती होऊ द्या, त्यांना आपल्यात सामावून घ्या. यातली दुसरी कायद्याशिवाय होत नाही.

२००३ साली अमेरिका आणि मेक्सिकोच्या बिशपांनी मिळून एक पत्र लिहिलं. आपली सीमा सांभाळायचा हक्क देशाला आहे, हे ते मान्य करतात. पण माणसाला पोटासाठी स्थलांतर करण्याचा हक्क आहे, आणि कागदपत्रं नसलेल्याचीही प्रतिष्ठा जपली पाहिजे, हेही ते तितक्याच ठामपणे सांगतात. मला सगळ्यात भिडलं ते त्यांचं पहिलं तत्त्व: आपल्याच मातीत जगायची संधी मिळणं हा माणसाचा हक्क आहे. देगलूरला पाणी आणि काम असतं, तर तो इथं कशाला आला असता?

माझ्याबरोबरच्या फिलिपिनो नर्सेस एक नाव अजून हळू आवाजात घेतात: फ्लोर कॉन्टेम्प्लासिऑन. सिंगापूरला घरकाम करणाऱ्या या बाईला १७ मार्च १९९५ रोजी फाशी झाली. त्यांचा सगळा देश पेटून उठला, चर्चही त्यात होतं, आणि त्याच वर्षी जूनमध्ये परदेशी जाणाऱ्या कामगारांसाठी त्यांच्या संसदेनं कायदा केला. आपला कायदा १९८३चा. नोंदणीकृत एजंटनं तीस हजार रुपये आणि त्यावरचा कर याहून जास्त घ्यायचं नाही, असा नियम आहे. देगलूरच्या माणसानं दीड लाख मोजले. नव्या कायद्याचा मसुदा २०२१ मध्ये आला आणि तसाच राहिला. दिल्लीला पत्र लिहायला आपल्या धर्मग्रामाला कोण अडवतं? एजंटचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासून देणारा एक माणूस दर रविवारी चर्चच्या दाराशी बसला, तरी कितीतरी घरं गहाण पडायची वाचतील.

इथं चर्च नाही. दार लावून घेते आणि रोझरी करते. आमचं कॅथेड्रल बहरीनला, अवालीत. राजानं दिलेल्या जमिनीवर बांधलेलं, २०२१च्या डिसेंबरात अभिषेक झालेलं. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात पोप फ्रान्सिस बहरीनला आले आणि तिथल्या राजवाड्यात उभं राहून कामगारांच्या सुरक्षित, सन्मानाच्या कामाविषयी बोलले. ते फोनवर पाहताना वाटलं, आपलं नाव कुणीतरी मोठ्यानं घेतलं.

आता आपल्या वसईकडं येते. मागच्या वेळी तू म्हणालास, ‘बाहेरच्यांनी गावाची वाट लावली.’ विहिरी आटल्या, वाड्या गेल्या, हे मलाही दिसतं, माझाही जीव तुटतो. पण फादर दिब्रिटो हरित वसईसाठी लढले ते जमीन आणि पाणी गिळणाऱ्यांशी. त्या मोर्च्यांत पप्पा होते. विटा वाहणाऱ्या बिहारच्या पोराच्या विरोधात ते कधी एक शब्द बोलले नाहीत. जुलैत फादर गेले. मला यायला जमलं नाही, याचं फार वाईट वाटतं. आणि २०२०चा मे महिना आठव. श्रमिक गाडीसाठी वसईच्या मैदानात भर उन्हात बसलेली हजारो माणसं. तूच तेव्हा पाण्याच्या बाटल्या घेऊन गेला होतास. परदेशी माणसाला आपल्यातलाच समजा, कारण तुम्हीही इजिप्तमध्ये परके होता, अशा अर्थाची आज्ञा लेवीयच्या पुस्तकात आहे. आपल्या वाडीत आज क्वचितच एखादं घर असेल ज्यातलं कुणी आखातात परकं म्हणून राहिलेलं नाही.

शेवटचं लिहिताना हात जड होतो आहे. आई गेल्या आठवड्यात सहज बोलून गेली. मागच्या तीन खोल्यांत राहणाऱ्या त्या पोरांची मूळ आधारकार्डं तू ठेवून घेतली आहेस, भाडं बुडवून पळू नयेत म्हणून. करार नाही, पावती नाही. तू वाईट नाहीस. त्यांच्यातला एक तापानं फणफणला तेव्हा तूच त्याला रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलंस, हेही आईनंच सांगितलं. पण त्यांची कार्डं तुझ्या कपाटात आहेत, भाऊ.

तेव्हा भाषणाआधी कपाट उघड. कार्डं त्यांच्या हातात दे, प्रत हवी तर झेरॉक्स काढून ठेव. अकरा महिन्यांचा करार कर, दर महिन्याला पावती दे. मग २९ तारखेला उभा राहा आणि जे सुचेल ते बोल. माझ्या मुद्द्यांची तुला गरज पडणार नाही.

देगलूरच्या माणसासाठी वकिलातीत अर्ज केला आहे. मिस्सात त्याची आठवण ठेव. नाव सांगत नाही, देवाला ठाऊक आहे.

आईला जप.

तुझी,
ताई